अर्धा गुण

ग्लास तिरका धरून त्याने बाटलीतली बियर काचेच्या कडेवरून हळूहळू ओतली. अर्ध्यावर आल्यावर ग्लास सरळ केला, तसा दोन बोटं फेस चढला. पडदा सारून त्याने खिडकीतला उजेड आत घेतला, ग्लास उजेडासमोर धरून रंग पाहिला, नाक आत खुपसून दीर्घ श्वास घेतला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

“अगं, येतेस ना? फेस बसायच्या आत ये.”

आतलं शिलाई मशीन थांबलं. तरी ती लगेच आली नाही. हल्ली तिला उठायला वेळ लागायचा. आली ती भिंतीचा आधार घेत आली, खुर्ची ओढायचे कष्ट न घेता उभ्यानेच ग्लास उचलला, एक घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात तसा तो तिच्याकडे बघत राहिला. ती बेसिनपाशी गेली, घोट थुंकला, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली.

“टाचण्या,” ती म्हणाली.

“परत?”

“परत.”

त्याने खुशीत मांडीवर थाप मारली. बियर वाईट निघाली याचं दुःख त्याला नव्हतं. आपल्या घरात अशी जीभ आहे याचा आनंद होता. ती ओला हात पदराला पुसत आत गेली आणि थोड्या वेळाने मशीन परत सुरू झालं.

धंद्याने तो चष्मेवाला होता. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि विचारायचं, हे बरं की ते बरं? आत्ता बरं की आधी बरं होतं? लोक कंटाळून काहीतरी सांगत आणि त्या काहीतरीतून त्याला नंबर काढावा लागे. बियरचा नाद त्याला पन्नाशी गाठल्यावर लागला, आणि तोही पिण्याचा नव्हे, चाखण्याचा. पण नाद तो नादच. छोट्या छोट्या कारखान्यांतून, घरगुती म्हणावं अशा बेताने बनवलेल्या बियरच्या बाटल्या तो कुठून कुठून मिळवायचा. दर रविवारी दुपारी एक उघडायचा आणि तिच्याबद्दल ‘फेसाखाली’ या नावाने फोनवर लिहायचा. रंग कसा, वास कसा, जवाला मोड आणून भाजलंय ते किती भाजलंय, घोट गिळल्यावर मागे काय उरतं, आणि शेवटी पाचपैकी गुण. वाचणारे फार नव्हते. जे होते ते मात्र इमानी होते, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे त्याच्यासाठी येतच नसत.

ते यायचे अर्ध्या गुणासाठी. पाचातले साडेचार गुण त्याच्या हातात आणि उरलेला अर्धा बायकोच्या. एकदा थट्टेत त्याने ‘अर्धांगिनीचा अर्धा गुण’ असं लिहिलं, ते लोकांना इतकं आवडलं की पुढे तो पायंडाच पडला. ती स्वतः बियर पीत नसे. एक घोट घ्यायची, थुंकायची, एक शब्द सांगायची आणि परत कामाला बसायची. गल्लीतल्या लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून देणं हे तिचं काम, आणि तिचे शब्द त्या कामातूनच यायचे. गरम इस्त्रीखालचं सुती कापड. ट्रंकेत राहिलेला लोकरीचा कोट. पहिल्यांदा धुतलेली जाड पॅंट. नवऱ्याला दहा ओळी खरडून जे पकडता येत नसे ते ती जाता जाता सांगून जायची. नाकाने कांदे सोलणाऱ्या जाणकारांनीही तिच्यापुढे हात टेकले होते. ‘वहिनी काय म्हणतात?’ असं लोक आधी विचारायचे आणि मग त्याचं वाचायचे, आणि त्यालाही त्यात कमीपणा वाटत नसे.

टाचण्या ती पहिल्यांदा म्हणाली ते थंडी सुरू झाली त्या सुमाराला. काम करताना ती टाचण्या ओठांत धरायची, त्यामुळे ती चव तिच्या ओळखीची. ऐकून त्याने ग्लास उचलून पुन्हा एक घोट घेतला होता, आणि काय सांगावं, जिभेच्या कडांना, अगदी शेवटी, त्यालाही ते लागलं होतं. थंड, लोखंडी. आधी लागलं नव्हतं, आता लागलं.

चाखणाऱ्या मंडळींचा एक साधा नियम असतो. सगळ्यांची मतं आपापल्या मनात पक्की होईस्तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. कारण एकाने केळ्याचा वास म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना केळं दिसायला लागतं. हा नियम त्याने स्वतः ‘फेसाखाली’वर सविस्तर, उदाहरणं देऊन समजावला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत. घरात मात्र ती बोलायची आणि त्याच्या जिभेला तेच लागायचं. त्या दिवशी त्याने अर्धा गुण कापला, स्वतःच्या साडेचारातूनही दीड कापला, आणि लिहिलं, ‘टाकीत किंवा पाइपात कुठेतरी लोखंड उघडं पडलं असावं. बनवणाऱ्याने लक्ष द्यावं.’ पुढच्या रविवारी दुसऱ्या कारखान्याची बाटली होती. तिच्यातही टाचण्या निघाल्या.

ती आजारी होती. त्या घरातल्या दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. तिच्या अंगात हळूहळू काहीतरी बिघडत चाललं होतं, ते अजून थांबवता आलं असतं असे ते दिवस होते, आणि ते दिवस रविवारमागून रविवार असे जात होते.

तिने सांगायचा प्रयत्न केला नाही असं मात्र नाही. एकदा जेवताना ती मध्येच थांबली.

“अहो, मला ना, सगळंच तसं लागतंय.”

“तसं म्हणजे?”

“टाचण्यांसारखं. दूधसुद्धा.”

त्याने हातातला घास खाली ठेवला. तिचं बोलणं त्याने हसण्यावारी नेलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. त्याने ते फार गंभीरपणे घेतलं. जिभेचं दुखणं म्हणजे त्याचा प्रांत.

“जीभ थकलीय तुझी,” तो म्हणाला. “होतं असं आमच्यात. चाखून चाखून जीभ बोथट होते. तिला विश्रांती द्यायची.”

“मी आठवड्यात एकच घोट घेते.”

“नाजूक जिभेला तेवढाही पुरतो. आणि त्या टाचण्या तोंडात धरणं आधी बंद कर. त्यानेच झालंय.”

दोन रविवार त्याने तिला सुट्टी दिली. रोज सकाळी कोरा पाव आणि कोमट पाणी, कांदा बंद, तिखट बंद. मनगटाला बांधायची एक टाचण्यांची गादी त्याने बाजारातून शोधून आणली, लाल मखमलीची. तिला ती आवडली. तो स्वतःहून तिच्यासाठी काही आणत नसे, त्यामुळे तिने ती उगाचच शेजारणीलाही दाखवली. सुट्टी संपल्यावर त्याने मोठ्या उत्सुकतेने नवी बाटली उघडली. तिने घोट घेतला, थुंकला आणि त्याच्याकडे बघितलं.

“सांग ना.”

“तेच.”

“बघ,” तो म्हणाला, “म्हणजे जिभेचा दोष नाही. दोष मालातच आहे. आता तर सिद्धच झालं.”

सिद्ध झालं म्हटल्यावर ती काय बोलणार? ती परत मशीनवर जाऊन बसली. काही दिवसांनी म्हणाली की चष्मा घट्ट होतोय, संध्याकाळी काढला की कानाच्या वर वळ उठतात. त्याने चष्मा दुकानात नेला, गरम हवेवर काड्या मऊ केल्या आणि बाहेरच्या बाजूला वाकवून आणला. महिन्याभरात परत घट्ट झाला, त्याने परत वाकवला. फ्रेम जुनी झाली की आकसते, असं काहीतरी तो म्हणाला. तसं होत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? सकाळी तिच्या डोळ्यांभोवती सूज असायची. दिवसाकाठी वीस-पंचवीस जणांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भट्टीवाला दुकानात आला तेव्हा ऐन उन्हाळा होता. त्याचा बियरचा कारखाना रेल्वे फाटकापलीकडे, एका जुन्या गोदामात. माणूस आडव्या बांध्याचा, हात टाक्या धुवायचा सोडा लागून लागून सोललेले. भट्टीवाला हे नाव त्याला अजिबात आवडत नसे, त्याने चोरट्या दारूची आठवण येते असं त्याचं म्हणणं, पण लोकांनी एकदा नाव पाडलं की पाडलं. चष्मेवाल्याने त्याला गिऱ्हाईक समजून खुर्ची पुढे केली.

“डोळे तपासायचेत?”

“तुमचे तपासायला आलोय,” भट्टीवाला म्हणाला आणि बसला नाही. “लागोपाठ तीन बाटल्या माझ्या. तिन्हींत टाचण्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पाइप बदलला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा टाकी आतून घासून घेतली, पाणी तपासून आणलं. तिसऱ्यांदा वाचलं आणि मग मी स्वतःलाच विचारलं, बाबा, तुला स्वतःला लागतंय का लोखंड? नाही लागत. माझ्याकडे कोणालाच लागत नाही. पण दुकानदार वाचतात ना तुमचं. पेट्या परत येताहेत माझ्या.”

“माझी जीभ एक वेळ चुकेल. तिची नाही चुकत.”

“काविळीत सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. तसलं काहीतरी आहे वहिनींचं.”

“तोंड सांभाळून बोला.”

“मग माझ्यासमोर चाखा. रविवारी येतो. तुमच्याच घरी, तुमच्याच नियमाने.”

तो आला तो कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन. स्वयंपाकघरात जाऊन त्याने स्वतःच तीन स्टीलच्या पेल्यांत ओतलं, म्हणजे रंग दिसायला नको, आणि पेले आणून तिच्यापुढे मांडले. मध्ये पाण्याचा तांब्या. चष्मेवाला हाताची घडी घालून उभा होता. आपल्या बायकोची परीक्षा घ्यायला लोक घरी येताहेत याचा त्याला राग होता आणि अभिमानही होता. ती या वेळी खुर्चीत बसली. चपला काढून तिने पाय गारेगार फरशीवर ठेवले.

पहिला घोट घेतला, थुंकला, पाण्याने चूळ भरली. दुसरा घेतला, चूळ भरली. तिसरा घेतला. मग तिने पेला खाली ठेवला.

“बोल,” नवरा म्हणाला.

“तिन्हींत आहे.”

भट्टीवाल्याने टेबलावर हात आपटला. “तिन्हींत कसं असेल? मधला माझा नव्हेच. त्या बियरला तुम्हीच मागच्या वर्षी पावणेपाच दिलेत. आणि शेवटचा तर—”

“मग पाण्यात असेल,” चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. “चूळ भरतेय ना ती. नळाच्या पाण्यात हल्ली—”

“पाण्यातही आहे,” ती म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. घरच्या माणसाला जे सांगता येत नाही ते प्रवासात शेजारी बसलेल्या परक्याला सांगून टाकावं, तसं तिने भट्टीवाल्याकडे बघत सांगितलं. “सकाळी उठते तेव्हा असतं. काही न खाता, न पिता. माझ्या तोंडातच आहे ते.”

भट्टीवाल्याची नजर खाली गेली होती. फरशीवर टेकलेल्या तिच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ उमटले होते आणि त्या वळांच्या दोन्ही बाजूंना पाऊल फुगून वर आलं होतं.

“वहिनी, पाय कधीपासून सुजलेत?”

“मशीनचं पायडल मारून मारून.”

“अंगाला खाज सुटते?”

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. “फार. झोप लागत नाही.”

“हे मला नव्हतं सांगितलंस,” नवरा म्हणाला.

“घरात ढेकूण झालेत का, असं विचारलं होतं तुम्हाला.”

भट्टीवाला खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याच्या आवाजातलं भांडण निघून गेलं होतं. “माझ्या थोरल्या भावाला असंच लागायचं. तो म्हणायचा, नाणं चोखल्यासारखं. आम्ही त्याला म्हणायचो, पान खा.”

“आता कसे आहेत ते?” चष्मेवाल्याने विचारलं.

भट्टीवाल्याने बाटल्या उचलून एकेक पिशवीत घातल्या. दारापाशी गेल्यावर वळून म्हणाला, “उद्या सकाळी रक्त तपासून घ्या. उद्याच. सवडीने नको.” मग हळूच म्हणाला, “दुकानात मी रागाच्या भरात बोललो. वहिनींना सांगू नका.”

तो गेल्यावर ती आत जाऊन आडवी झाली. चष्मेवाल्याने पेले उचलून स्वयंपाकघरात नेले. घासायला टाकायच्या आधी त्याने पहिल्या पेल्यातला घोट घेतला. हा भट्टीवाल्याचा. भाजलेल्या जवाचा खरपूस वास, मग किंचित मधासारखं गोड, मग स्वच्छ कडवट शेवट. बियर चांगली होती. फार चांगली होती. त्याने घोट जिभेवरून इकडून तिकडे फिरवला, कडांना लावला, मागे नेला. जमिनीवर पडलेला बारीक स्क्रू माणूस जसा हाताने चाचपून शोधतो तसं तो लोखंड शोधत होता. कुठल्यातरी एका पेल्यात ते सापडावं, एवढंसं सापडावं, म्हणजे तिचं तोंड खरं ठरेल, अशी त्याने मनापासून भीक मागितली. दुसरा पेला. तिसरा पेला. मग तांब्यातलं पाणी. पाणी पाण्यासारखं लागलं. कितीतरी महिने त्याला जे लोखंड लागत होतं ते कशातच नव्हतं. त्याने नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज आत जायला नको, आणि ओट्याला दोन्ही हात टेकून तो रडला.

तोंड धुऊन तो आतल्या खोलीत गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“झोपलीस?”

“नाही.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. खुर्चीवर कोणाचीतरी अर्धवट उसवलेली पॅंट पडली होती.

“तू मला सांगत होतीस,” तो म्हणाला.

“सांगत होते.”

“मग ओरडून का नाही सांगितलंस? माझ्या अंगावर का नाही आलीस?”

ती या कुशीवर वळली. वळायला तिला पलंगाची कड धरावी लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“तुम्हाला एवढा आनंद व्हायचा,” ती म्हणाली. “आणि मलाही वाटायचं, बियरच खराब असेल. लोक म्हणायचे ना, वहिनींची जीभ चुकत नाही.”

त्याने तिच्या पावलावर हात ठेवला आणि बोटाने हलकेच दाबून पाहिलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. तो भरून यायची वाट बघत तो बसला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन ते हॉस्पिटलात गेले तेव्हा त्यांना फार वेळ थांबावं लागलं नाही. रिपोर्टचा कागद आत गेला आणि दोन गिऱ्हाइकं सोडून यांनाच आधी बोलावलं, यावरून त्याने काय ते ओळखलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, त्यांना मुलगी असती तर एवढी असती. केबिनमध्ये पंखा जोरात फिरत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर काचेचा गोळा ठेवला होता.

“किडन्या जवळजवळ काम करत नाहीयेत,” ती म्हणाली. मग दोघांना ते नीट कळेपर्यंत थांबली. “आता मला एक गोष्ट आठवून, अगदी नीट आठवून सांगा. हे थोड्या दिवसांचं असेल तर पुष्कळदा मागे फिरतं. औषधांनी किडन्या परत कामाला लागतात. जुनं असेल तर नाही फिरत. मग मशीनवर रक्त धुवायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, कायमचं. आणि तेही किती दिवस साथ देईल ते आज नाही सांगता येत. सोनोग्राफीत कळेलच. पण उपचार मला आत्ता सुरू करायचेत. तोंडाला ही चव कधीपासून आहे?”

“महिना झाला असेल,” बायको लगेच म्हणाली.

डॉक्टरीणबाईने मान वर केली. “महिनाच? नक्की?”

“हो. महिनाच.”

“मग बरं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि तिचे खांदे जरा सैल झाले. ती लिहू लागली.

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती. भाजीवालीशी घासाघीस करताना ती अशीच खाली बघायची, पहिला आकडा आपण टाकायचा आणि मग नजर द्यायची नाही. महिना. महिन्याभराच्या गोष्टी मागे फिरतात. तो काही बोलला नसता तर तो महिना तसाच कागदावर उतरला असता, आणि निदान सोनोग्राफी होईपर्यंत तरी त्या दोघांना तो धरून बसता आलं असतं. त्यालाही तो हवा होता. फार हवा होता.

“नाही,” तो म्हणाला. “महिना नाही. थंडी सुरू झाली त्या सुमारापासून.”

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. तिने लिहिलेलं काहीतरी खोडलं. तिने लगेच वर पाहिलं नाही, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा तो सैलपणा गेला होता.

“म्हणजे सहा-सात महिने,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं?”

त्याने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. हो, दर रविवारी सांगायची ती मला, आणि मी ते लोकांना वाचायला द्यायचो. हो, पाय सुजले, चेहरा सुजला, मी चष्मा सैल करून दिला. शब्द ओठापर्यंत आले होते.

“त्यांना कसं माहीत असणार?” बायको म्हणाली. “मी बोललेच नव्हते कधी. काल-परवा सांगितलं.”

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

“असं कसं करता हो तुम्ही? सगळ्या घराचं बघायचं आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढायचं. रोज येतात माझ्याकडे अशा. सहा महिने तोंडात लोखंडाची चव घेऊन तुम्ही गप्प बसलात? घरात माणूस आहे ना? त्याला सांगायला काय झालं होतं? एक शब्द बोलला असतात वेळेवर, तर मी आज तुम्हाला वेगळं काहीतरी सांगितलं असतं.”

“हो,” ती म्हणाली. “चुकलंच माझं.”

“चुकलं म्हणून काय आता? मागचे महिने परत आणता येतात का?”

“नाही.”

“मग?”

ती मान खाली घालून ऐकत होती. टेबलाखाली तिचा हात त्याच्या गुडघ्यावर आला आणि चारचौघांत पोराला गप्प बसवावं तसा तिथेच राहिला. हात हलका होता, आणि सुजेने त्याची बोटं जाड झाली होती. तो सहज बाजूला करून बोलता आलं असतं. डॉक्टरीणबाई रागावत होती, तिचा राग खरा होता, आणि तो शब्द न् शब्द ऐकत होता. तो काही बोलला नाही.

बोलून बोलून डॉक्टरीणबाईच दमली. तिने पेन उचललं, कागद पुढे ओढला, भरती व्हायच्या सूचना लिहिल्या. मग आवाज उतरवून, जरा ओशाळून, ती त्याच्याकडे वळली.

“आता तुम्हीच लक्ष ठेवायचं. यांनी सांगितलं नाही तरी तुम्ही विचारायचं. रोज विचारायचं. विचाराल ना?”

“हो,” तो म्हणाला. “विचारीन.”